बेयांगच्या वाटचं अर्धं ताट

रविवार, २८ सप्टेंबर

प्रिय तिया नेस,

तुझा हात कपाळाला लावून नमस्कार करते.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तोरिनोत थंडी सुरू झाली आणि तू सांभाळतेस ती म्हातारी सिन्योरा आता खिडकीजवळ बसायचं नाही म्हणते, हे वाचलं. इकडे सगळं बरं आहे. आपल्या लोलाचा खोकला गेला. पप्पांचं जहाज ब्राझीलच्या वाटेवर आहे. स्वयंपाकघरावर नवा पत्रा बसवला, पण गळत होता तो शेजारचा पत्रा, हे नवा बसवून झाल्यावर कळलं.

आता माझ्या गेल्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं, की आमच्या ज्येष्ठांच्या जेवणकेंद्राला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मिस अल्काराझ मनीलाहून तपासणीला आल्या, घोटभर पाणीही न घेता उभ्या उभ्या सगळं बघून गेल्या, आणि पंधरवड्याने त्यांनी, काही जण जेवण घरी नेतात म्हणून अनुदान थांबवल्याचं पत्र पाठवलं. हे खरं नाही. पत्र आलं हे खरं, पण त्या उभ्या नव्हत्या. त्या बसल्या आणि पोटभर जेवल्या.

तू मला लिहायला शिकवलंस तेव्हा माझी छाती इतकी कमजोर होती, की आठ वर्षांची होईपर्यंत मला शाळेतच पाठवलं नाही. माझी शाळा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं टेबल आणि तुझ्या हातातली लाल पेन्सिल. खोडरबर तू घरात येऊच दिलं नाहीस. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर लिहायचं. तेच करते आहे.

त्या दिवशी बांगुस मासा होता आणि शेवग्याचा पाला घातलेलं लास्वाचं सार. अकरा वाजले होते. बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली आमची बासष्ट माणसं ताटं घेऊन बसली होती. मिस अल्काराझ हातात फाइल घेऊन कडेला उभ्या राहिल्या, आणि जे व्हायचं तेच झालं. दारात माणूस दिसलं की आपली माणसं काय करतात तुला सांगायला नको. साठ तोंडांतून एकदम आलं, "या, जेवायला या!"

"मी कामावर आहे, लोला," त्या जवळच्या एका आजीला म्हणाल्या.

"मग कामालाही बसव बाजूला. तेही उपाशी दिसतंय."

आमच्या म्हाताऱ्यांतल्या लोलो मार्सिंगने खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, तुम्ही नाही जेवलात तर आम्हाला वाटेल जेवणात काहीतरी आहे. मग आम्ही नाही जेवणार. मग तुमच्या कागदावर काय लिहाल? बासष्ट म्हातारे, सगळे रुसले?"

त्या हसल्या आणि बसल्या. शेजारच्या म्हातारीने बांगुसचा एकेक काटा काढून त्यांच्या ताटात मासा ठेवला. त्यांनी भात दोनदा घेतला. जाताना त्या म्हातारीने केळीच्या पानात बांधलेला घासभर जेवणाचा पुतोस त्यांच्या हातात कोंबला. "वाटेत खा. विमानात पुठ्ठा देतात खायला." बाईंनी तो घेतला, आणि वाकून म्हातारीचा हात कपाळाला लावला.

हे सगळं मी गाळलं, कारण मला त्यांचा राग आला होता. रागावलेल्या माणसाला समोरचा आपल्याकडे जेवून गेला हे आठवायला आवडत नाही.

तुझ्या उत्तराकडे वळते. तू लिहिलंस, "इन्दाय, पोरी, नियम तो नियम. फुकटचं जेवण लपवून घरी नेणाऱ्यांची मला लाज वाटते. आपल्या घरातलं कुणी असं कधी करणार नाही. बरं झालं त्या बाईंनी पकडलं." हे मी चार वेळा वाचलं. लोलाने विचारलं, नेस काय म्हणते? मी म्हटलं, थंडी सुरू झाली म्हणते.

केंद्र ऑगस्टपासून बंद आहे. बंद म्हणजे शहराने दिलेली जागा आहे, टेबलं आहेत, मी आहे; संस्थेकडून येणारा शिधा नाही. मानांग तेरे, आमची स्वयंपाकीण, चर्चमधून आणि बाजारातून मिळेल तो तांदूळ आणून आठवड्यातून तीन दिवस पेज शिजवते. उरलेले दोन दिवसही माणसं अकरा वाजता येतात. आपापल्या खुर्चीवर बसतात, तासभर बोलतात आणि जातात. पहिल्या आठवड्यात मी सांगायला गेले, आज काही नाही, घरी जा. लोलो मार्सिंग म्हणाला, "आम्हाला ठाऊक आहे. आम्ही भूक फिरवून आणायला आलोय. घरी बांधून ठेवली की भुंकते."

आज इथे थांबते. दिवे गेलेत.

सोमवार, सकाळ

दिवे गेले नव्हते. पुढचं लिहायचं धाडस होत नव्हतं.

तू लिहिलंस, "त्या बाईंनी पकडलं." मीच तुला तसं कळवलं होतं. पण मिस अल्काराझनी काही पकडलं नाही. कुणी पुडी बांधताना त्यांनी पाहिलंच नाही; जेवताना त्यांचं सगळं लक्ष बांगुसच्या काट्यांवर होतं. त्यांना ते मी लिहून दिलं होतं.

आमच्या रोजच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: किती जणांनी पूर्ण जेवण घेतलं. मी रोज बासष्ट लिहायचे. पण रोज माझ्या डोळ्यांसमोर काही जण अर्धंच खायचे आणि अर्धं पानात बांधायचे. रात्री अंथरुणावर मी तो आकडा म्हणून पाहायचे, तो खोटा वाटायचा. मग जूनमध्ये एके दिवशी मी खाली बारीक अक्षरात लिहिलं, की यांतले एकोणीस जण अर्धं जेवण घरी नेतात. आणि एकोणीस नावं लिहिली. कुणी विचारलं नव्हतं. ते पान बाकीच्या कागदांबरोबर मनीलाला गेलं. मिस अल्काराझनी ते जेवून गेल्यानंतर वाचलं असणार.

मानांग तेरेला मी हे सांगितलं, तेव्हा ती कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "तुला कुणी मारलं होतं का, नावं सांग म्हणून?"

"नाही."

"पैसे दिले?"

"नाही, मानांग."

"म्हणजे फुकटात! अगं, चोरसुद्धा मार खाल्ल्यावर नावं सांगतो." आणि मग माझ्याकडे बघून, "रडू नकोस. कांदा मी चिरतेय, तू कशाला रडतेस?"

ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी माझ्यासमोर पेजेचा वाडगा आपटला, तेव्हा कळलं की माफ केलं.

आता जेवण कुठे जातं ते लिहिते. मी त्या एकोणीस जणांच्या मागे एकेक करून गेले. आधी जायला हवं होतं, आणि मग लिहायला. एकाची बायको आंधळी आहे आणि आपल्या दारापासून चार पावलांपलीकडे जात नाही. दोघी बहिणी आहेत. थोरलीचं वय साठ पूर्ण म्हणून यादीत, धाकटी अठ्ठावन्न म्हणून नाही, आणि अंथरुणावर आहे ती धाकटी. बहुतेकांचं असंच. नियम म्हणतो, रोज येऊन अंगठा लावेल त्यालाच ताट. ज्याला चालता येत नाही त्याचा अंगठा टेबलापर्यंत कसा येणार? मी दोन वर्षांपूर्वीच विचारलं होतं, जेवण दारापर्यंत नेता येईल का. उत्तर आलं, अनुदानात तशी तरतूद नाही.

बेयांग तुला आठवते. नदीकाठच्या गल्लीतली, जिने चाळीस वर्षांपूर्वी फिएस्ताच्या सणादिवशी आपल्या लोलाचा डुक्कर स्वतःचा म्हणून भाजला. दोन वर्षांपूर्वी ती विहिरीजवळ पडली, तेव्हापासून उठलेली नाही. मुलगा दूर मिंदानाओ बेटावर, पत्ता नाही. तिचं जेवण म्हणजे रोज दुपारी कुणीतरी आणून देतं ते अर्धं ताट.

एकदा ते घेऊन मी गेले होते. तिने पान उघडलं, वास घेतला. "मासा आज शेपटीकडचा आहे. डोक्याकडचा तिने खाल्ला असेल. डुकराचा सूड अजून घेते मेली."

मी परत येऊन निरोप दिला. ती म्हणाली, "सांग तिला, उद्या काटेच पाठवते." आणि दुसऱ्या दिवशी डोक्याकडचा तुकडा बांधला.

तिया नेस, तुला कळलंच असेल. मी तीन पानं लिहिली आणि अजून "ती" म्हणते आहे. बांगुसचे काटे काढणारी म्हातारी, पुतोस देणारी म्हातारी, ती. आपली लोला. तुझी आई. माझ्या त्या एकोणीस नावांत पहिलं नाव एस्पेरान्सा आहे, आणि ते माझ्याच अक्षरात आहे.

हे मी लपवलं, कारण तू तिच्यासाठी परक्या देशात परक्या म्हातारीला भरवतेस, आणि तुझी आई रांगेत ताट घेऊन बसते हे तुला सहन होणार नाही असं वाटलं. पण ती गरिबीने बसत नाही. तू पाठवतेस ते तिला पुरतं. ती म्हणते, एकटीने खाल्लेलं अंगी लागत नाही. मी कामावर जाते, घरात कोण आहे? म्हणून ती तिथे जाते, आणि म्हणून अर्धं बांधते, कारण बेयांगही एकटीच आहे. आता पेज पानात बांधता येत नाही, तर कॉफीच्या बरणीत घालून नेते. ते ती लपवत नाही. बरणी छातीशी धरून भर रस्त्यातून जाते, देवीची मूर्ती न्यावी तशी.

तुला लाज वाटली असं तू लिहिलंस. त्या वाक्यावर मी लाल पेन्सिलने एक रेघ मारली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तुझं वाक्य मी दुरुस्त करते आहे. मार्चमधल्या पत्रात तूच लिहिलं होतंस, की सिन्योरा रोज आपला अर्धा केक तुझ्या बशीत सरकवते, आणि तू नाही म्हटलंस तर चमचा खाली ठेवते. तिच्या मुलाने तुला कधी विचारलं का, हा केक कुणाच्या नावावर आहे?

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र.

संस्थेने कळवलं आहे, की अनुदान पुन्हा सुरू होईल, पुढच्या तीन वर्षांसाठी. अट अशी: ती एकोणीस नावं यादीतून काढायची, आणि जेवण फक्त टेबलावर, फक्त नोंदलेल्या व्यक्तीने, फक्त समोर बसून खाल्लं जाईल, अशा कागदावर नोंदी ठेवणाऱ्याने सही करायची. नोंदी मी ठेवते. ज्येष्ठांचा आठवडा सुरू होतो आहे, त्याच्या शेवटच्या दिवशी शहराच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. नाच, मोफत केस कापणं, भाषणं. तिथे मिस अल्काराझ येणार, आणि स्टेजवर मी त्यांना तो सही केलेला कागद द्यायचा.

माझे साहेब सर एल्मर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, सरबत दिलं.

"सही कर, इन्दाय. कागदावर काढ, ताटावर ठेव. एकोणीस नावं गेली तरी माणसं येतीलच की. मानांग तेरे वाढेल. बघतंय कोण?"

"मग रोज फॉर्मवर मी त्रेचाळीस लिहायचं आणि बासष्ट वाढायचे?"

"तुझा हा आकड्यांचा आजार! तुझ्या खरेपणाने आठवडे झाले, सगळे पेज पितायत. आता थोडा खोटेपणा करून त्यांना मासा खाऊ घाल."

"आणि बेयांग?"

"यादीत आहे?"

"नाही."

"मग ती आपल्यापुरती नाहीच."

"तिला हे जाऊन तुम्ही सांगाल का, सर? ती अंथरुणावरून उठत नाही, पण पाणी नेमकं फेकते."

ते हसले नाहीत. म्हणाले, तुला इटलीला जायचं आहे, कामाचा दाखला माझ्याच सहीने मिळतो. धमकी म्हणून नाही म्हणाले. खरं होतं म्हणून म्हणाले. तू माझ्यासाठी तिथे काम बघून ठेवलंस हे मला क्षणभरही विसरता येत नाही.

मी कागद घरी आणला. तीन दिवस जेवले नाही नीट. सही केली तर खोटं, आणि नाही केली तर बासष्ट माणसांच्या तोंडचा घास मीच दुसऱ्यांदा काढते. कुणाला विचारलं तरी तेच: कर सही, देव समजून घेईल. शेवटी लोलाला विचारलं. ती बरणी धूत होती.

"माझं नाव काढणार?"

"फक्त कागदावर, लोला."

"तुमच्या यादीतून नाव कधी काढतात?"

तिला ठाऊक आहे. आमच्याकडे नाव काढतात ते माणूस गेल्यावरच. मीच काढते, पट्टी धरून, आणि शेजारी तारीख घालते.

"मी मेले की काढ. पट्टी धरून सरळ काढ. त्याआधी मला कागदावर मारलंस तर मी रोज अकरा वाजता येऊन तुझ्यासमोर बसेन, आणि तू लिही, भूत जेवलं." मग बरणी पालथी घालून म्हणाली, "तुझ्या तियाने तुला खोडायला शिकवलं नव्हतं. मला आठवतंय."

म्हणून मी ठरवलं. बासष्ट जणांना पेजेच्या टेबलावर सगळं सांगितलं. नावं मीच लिहिली होती हेही. मग लोलो मार्सिंग म्हणाला, "माझं नाव त्या एकोणीसात कितवं?"

"अकरावं."

"छे. एवढं नेतो मी, निदान पाचवं तरी ठेवायचं!" आणि सगळे हसले, आणि मी आठ आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण वाडगा संपवला. त्यानंतर हात वर करून ठरलं: मासा गेला तर जाऊ दे, नाव कुणाचंही जाणार नाही. हात मोजले. बासष्ट. मानांग तेरेचा पळीसकट त्रेसष्टावा.

मी त्या कागदावर सही करणार आहे. पण आधी नावं काढायच्या आणि "फक्त"च्या तिन्ही अटींवर एकेक रेघ मारीन, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहीन: "टेबलावर, आणि ज्याला येता येत नाही त्याच्या दारापर्यंत." मग माइकवर वाचीन. एकोणीस नावं वाचीन, आणि प्रत्येकाचं अर्धं ताट कुणाच्या दारात जातं तेही. विसावं नाव मिस अल्काराझ, वय विचारलं नाही, यादीत नाहीत, एक पूर्ण जेवण टेबलावर आणि एक पुतोस विमानात. हे त्यांना लाजवायला नाही. त्यांना तो मासा आठवावा म्हणून. एकविसावं नाव माझं. लोलाच्या अर्ध्यातलं अर्धं मी लहानपणापासून खात आले आहे.

आमचे बासष्टही येणार आहेत. प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानाचा पुतोस असेल, आणि कार्यक्रम संपला की ते चालत दारोदार जाणार. मानांग तेरे म्हणते, भात तरी भरपूर करीन, त्याला कुणाच्या बापाची परवानगी नको. बेयांगला कळवलं. लोलाला, एस्पेरान्साला, ती इस्पिंग म्हणते. ती म्हणाली, "इस्पिंगबरोबर एवढ्या लोकांसमोर माझं नाव घेणार? मग आधी तिला डुकराचं खरं काय ते सांग म्हणावं."

कदाचित अनुदान कायमचं जाईल. माझी नोकरी जाईल, दाखला जाईल, तू माझ्यासाठी ठेवलेलं काम दुसऱ्या कुणाला मिळेल. हे सगळं मी एका कागदावर लिहून काढलं, दोनदा तपासलं. मला भीती वाटते. भीती वाटते हे दुरुस्त करायचं नाही, ते बरोबर आहे.

हे मी फोनवर सांगितलं नाही, कारण तू थांब म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. पत्र पोचेपर्यंत ते होऊन गेलेलं असेल. तेव्हा रागाव, पण लाल पेन्सिल घेऊन रागाव, आणि माझं कुठे चुकलं तिथे एकच रेघ मार.

तूच शिकवलेली,
मारिवेल

ता. क. वर "ज्येष्ठांच्या आठवड्याचा शेवटचा दिवस" असं मोघम लिहिलं आहे. नीट लिहिते: मंगळवार, ७ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजता.